टाके निघाले, मग फिट कशी आली?

डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, टाके निघाले, मित्र पुन्हा कट्ट्यावर आला. आपल्या लेखी गोष्ट संपली. पण मेंदूला झालेली इजा कधीकधी वर्षभराने पुन्हा दार वाजवते, फिटच्या रूपात. त्या वेळी शेजारी डॉक्टर नसतो, आपण असतो. आणि आपल्याला काही म्हणजे काही माहीत नसतं.

रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी प्रोजेक्टचं सबमिशन. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं कॉट बेसिसवर राहतो. तिघं लॅपटॉपला चिकटलेले आणि चौथा गॅसवर चहा ठेवत होता. ‘अरे, काहीतरी जळतंय का रे?’ असं त्याने विचारलं. आम्ही नेहमीसारखं ‘तुझं डोकं’ म्हणून हसलो. पुढच्या क्षणी पातेलं पडल्याचा आवाज आला. धावत गेलो, तर तो फरशीवर. आधी अंग लाकडासारखं ताठ, मग हातपाय झटके देतायत, डोळे वर, तोंडातून फेस.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. ‘नाव सोडून सगळं लिही, आपण काय गाढवपणा केला तेही लिही,’ असं तोच म्हणाला. म्हणून लिहितोय.

गाढवपणा असा. एकाने त्याचे खांदे दाबून धरले. दुसऱ्याने कांदा फोडून नाकाशी धरला. मुठीत गाडीच्या किल्ल्या कोंबल्या. आणि मी, ‘जीभ गिळेल, जीभ गिळेल’ म्हणत त्याच्या दातांमध्ये स्टीलचा चमचा घातला. सिनेमात पाहिलेलं, गावात ऐकलेलं, ते सगळं त्या दोन-तीन मिनिटांत त्याच्यावर करून झालं. झटके थांबले ते आपोआपच. पण त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता. तो फिटने तुटला नव्हता, माझ्या चमच्याने तुटला होता.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक निवासी डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘याच्या डोक्याला कधी मोठा मार लागला होता का?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. लागला होता की! पण ते तर वर्षापूर्वीचं होतं.

मधल्या वर्षात काय चाललं होतं?

चौदा महिन्यांपूर्वी, सेकंड इयरला असताना, सिंहगडावरून परत येताना त्याची बाईक घसरली होती. हेल्मेट होतं, पण ते कोपरात अडकवलेलं. डोक्याला डावीकडे मार, आत रक्तस्राव, ऑपरेशन, आठ दिवस आयसीयू. आठवडाभर फिट येऊ नये म्हणून औषध दिलं, नंतर ते बंद झालं. घरच्यांना वाटलं, गोळी बंद झाली म्हणजे धोका टळला. दोन महिन्यांनी तो कॉलेजला आला, केस वाढले, व्रण झाकला गेला. आम्ही ‘सेकंड इनिंग’ म्हणून पार्टीपण केली.

त्या मॅडमनी एकेक विचारायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. मधूनच उजवा हात थरथरायचा का? हो. बोलता बोलता अर्धा-एक मिनिट शून्यात बघत बसायचा का? हो, आम्ही त्याला ‘हँग झाला, रीस्टार्ट करा’ म्हणायचो. नसलेला वास यायचा का? गेले तीन-चार महिने तो अधूनमधून ‘काहीतरी जळतंय’ म्हणायचा. आम्ही गॅस बघून यायचो आणि त्याची टिंगल करायचो.

त्या सगळ्या फिटच होत्या. छोट्या. त्या रात्री पहिल्यांदा मोठी आली एवढंच.

फिट म्हणजे नेमकं काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलत असतात. वर्गात प्रत्येक जण आपापल्या वेळी बोलतो, तसं. काही कारणाने एका कोपऱ्यातले सगळे एकदम, एकाच तालात ओरडायला लागले तर जो गोंधळ होईल, ती फिट. तो कोपरा हाताची हालचाल सांभाळणारा असेल, तर हात थरथरतो. वासाशी जोडलेला असेल, तर नसलेला वास येतो. कधी ‘हे सगळं आधी घडलंय’ अशी तीव्र जाणीव होते, कधी माणूस ओठ चावत, शर्टाचं बटण चाळवत हरवल्यासारखा बसतो. गोंधळ पूर्ण मेंदूभर पसरला, तर शुद्ध जाते आणि सिनेमात दाखवतात ती फिट येते. डाव्या बाजूचा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून आमच्या मित्राचा उजवा हात थरथरत होता.

एक फिट आली म्हणजे लगेच एपिलेप्सी नव्हे. खूप ताप, रक्तातली साखर किंवा सोडियम घसरणं, दारू एकदम बंद करणं, यानेही फिट येऊ शकते. असं तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन फिट आल्या तर डॉक्टर त्याला एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार म्हणतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या संघटनेने त्यात भर घातली. एकच फिट आली, पण पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा जास्त असेल, तरीही निदान करता येतं. एमआरआयमध्ये जुन्या जखमेचा व्रण दिसत असला, तर डॉक्टर दुसऱ्या फिटची वाट बघत बसत नाहीत ते यामुळे.

पण चौदा महिने थांबून कशी काय येते? कातडीवरची जखम भरली की व्रण राहतो, तसाच मेंदूतही राहतो. मेलेल्या पेशींच्या जागी आधार देणाऱ्या पेशी दाटी करतात. सांडलेल्या रक्तातलं लोह आजूबाजूच्या पेशींना चिडवत राहतं. उरलेल्या पेशी तुटलेल्या जोडण्या नव्याने जुळवायला जातात आणि त्यात काही वायरिंग चुकीचं होतं. हे काम महिनोन्‌महिने गुपचूप चालतं. बाहेरून माणूस ठणठणीत, आत मात्र एक ठिणगी तयार होत असते. मार लागल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली फिट ही ताज्या इजेची प्रतिक्रिया असते. आठवड्यानंतर येणारी फिट या व्रणाची असते. बहुतेकांना ती पहिल्या दोन वर्षांत येते, काहींना त्याहून खूप उशिरा.

मग आठवडाभर दिलेलं ते औषध पुढे चालू ठेवायला हवं होतं का? आमच्या मनातही हाच प्रश्न आला. पण त्यात कुणाची चूक नव्हती. फेनिटॉइन या औषधाचा मोठा अभ्यास १९९०मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना ते दिल्यावर पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी झाल्या, नंतरच्या मात्र झाल्या नाहीत. फिट आल्यावर ती आटोक्यात ठेवणारी औषधं भरपूर आहेत. पण तो व्रण एपिलेप्सीत बदलूच नये, असं खात्रीचं औषध अजून हातात नाही. म्हणून डिस्चार्जनंतरचं लक्ष महत्त्वाचं.

घाबरून जाऊ नका. डोक्याला टेंगूळ आलेल्या प्रत्येकाला फिट येत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या हजारो रुग्णांचा दीर्घ अभ्यास १९९८मध्ये आला. त्यात पाच वर्षांत फिट येण्याचं प्रमाण किरकोळ इजेनंतर १०० मागे एकाहूनही कमी होतं. मेंदूला खरचटलेलं किंवा आत रक्त साकळलेलं अशा गंभीर इजेनंतर ते १०० मागे १० होतं. म्हणजे गंभीर इजेनंतरही बहुतेकांना फिट येत नाही. पण ज्या दहांना येते, त्यांच्या मित्रांना काय करायचं ते माहीत असायला हवं.

फक्त अपघातच नाही

फिट येणारा माणूस जन्मापासून तसाच असतो, किंवा ते घराण्यात असतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मेंदूला नंतर झालेल्या कितीतरी आजारांमागून फिट येते.

उतारवयात नव्याने फिट सुरू होण्याचं सगळ्यात मोठं कारण स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात. आजोबांना अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले आणि आता ते मधूनच ‘हरवतात’, हाताला झटके येतात, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

मेंदूज्वर, टीबीमुळे येणारी मेंदूच्या आवरणाची सूज, मेंदूत होणारी टीबीची गाठ, ब्रेन ट्यूमर, हेही या यादीत आहेत. तरुण मुलींमध्ये जास्त दिसणारा एक प्रकार तर नीट समजून घेण्यासारखा आहे. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. मुलगी अचानक विचित्र वागते, भास होतात, झोप उडते आणि सोबत फिट येतात. घरचे ‘बाहेरचं झालं’ म्हणून मांत्रिकाकडे नेतात. हा आजार नेमका ओळखला गेला तोच २००७च्या सुमारास. वेळेत उपचार मिळाले, तर त्यातल्या बऱ्याच जणी पूर्ववत होतात.

आणि आता आपल्याकडचं एक मोठं कारण. ‘कोबीतली अळी डोक्यात जाते’ हे तुम्ही आजीकडून ऐकलं असेल. आजी निम्मी बरोबर आहे. कोबीवर दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. मूळ असतं ते पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या अंड्यांत. अर्धंकच्चं डुकराचं मांस खाल्लं, तर हा कृमी माणसाच्या आतड्यात वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि माती, सांडपाणी, न धुतलेले हात यांच्यामार्फत कुणाच्याही पोटात जातात. तिथे त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या रक्तातून मेंदूत पोहोचल्या की गाठ होते आणि फिट येते. न्यूरोसिस्टिसर्कोसिस असं त्याचं लांबलचक नाव. आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही तो होतो, कारण अंडी येतात ती कोथिंबीर, गाजर, काकडीवरून किंवा जेवण बनवणाऱ्याच्या हातांवरून. ज्या भागांत हा कृमी आढळतो, तिथल्या एपिलेप्सीच्या साधारण ३० टक्के रुग्णांमागे तो असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेसमधलं सॅलड नीट धुतलेलं आहे का, हे विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. चांगली गोष्ट अशी की यावर औषधं आहेत आणि अनेकांच्या गाठी विरघळतात. फक्त ती औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

पाच मिनिटं आपली असतात

आमच्या मित्राला शुद्ध आल्यावर त्या मॅडमनी आम्हा तिघांना बाहेर बोलावलं. आम्हाला वाटलं, ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुम्ही त्याला सोडून पळाला नाहीत, हे चांगलं केलंत. बाकी सगळं चुकलं. आता नीट ऐका.’ त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं देतोय. फोटो काढून ग्रुपवर टाका.

हे करा
• घड्याळ बघा. फिट किती वेळ चालली, हे डॉक्टरांसाठी सगळ्यात कामाचं.
• आजूबाजूचं टोकदार, गरम, काचेचं सामान दूर करा. डोक्याखाली बॅग किंवा जॅकेट ठेवा.
• चष्मा काढा, गळ्याभोवतीचं घट्ट काही असेल तर सैल करा.
• झटके ओसरू लागले की एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील.
• पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ थांबा. उठल्यावर माणूस गोंधळलेला असतो. शांतपणे सांगा, ‘तू ठीक आहेस, आम्ही इथेच आहोत.’
• जमलं तर एकाने व्हिडिओ काढा, फक्त डॉक्टरांना दाखवायला. स्टेटसला टाकायला नव्हे.

हे करू नका
• तोंडात चमचा, बोट, रुमाल, काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही. दात मात्र तुटतो.
• हातपाय दाबून धरू नका. खांदा निखळू शकतो.
• कांदा, चप्पल, किल्ल्या, लोखंड, यातल्या कशानेही फिट थांबत नाही.
• पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी किंवा गोळी देऊ नका. श्वासनलिकेत जाऊ शकतं.

१०८ला फोन कधी?
फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध न येताच दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच असेल, पाण्यात आली, डोक्याला लागलं, श्वास नीट नसेल किंवा ती स्त्री गरोदर असेल, तर लगेच.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. कांद्याला मिळणारं श्रेय खरं तर घड्याळाचं असतं.

‘कुणाला सांगू नका’

फिटपेक्षा मोठं प्रकरण पुढे होतं. आमच्या मित्राला छोट्या फिट येतायत हे आम्हाला कळलं नव्हतं, पण त्याला शंका आली होती. मोबाइलवर शोधून त्याने ‘एपिलेप्सी’ हा शब्दही वाचला होता. मग सांगितलं का नाही?

‘घरी कळलं असतं तर पुणं बंद,’ तो म्हणाला. ‘गावात बसवलं असतं. आणि तुम्ही? तुम्ही मला ‘मिरगीवाला’ म्हणाला नसता?’

त्यावर आम्ही गप्प. ‘हँग झाला’ म्हणणारे आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी त्याचे आई-बाबा साताऱ्याहून आले. काकूंच्या डोळ्याला पाणी. एक मावशी फोनवर सांगत होत्या, ‘आधी देवऋष्याला दाखवा, आणि बाहेर वाच्यता नको, उद्या लग्नाला अडेल.’ काकांनी फोन कट केला. ‘पाय मोडला असता तर लपवला असता का? डोक्याला लागलंय, डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं,’ एवढंच म्हणाले. एवढं सरळ वाक्य आम्हा चार इंजिनीअरांना सुचलं नव्हतं.

लग्नाचं म्हणाल, तर कायदाही एके काळी मावशींच्याच बाजूने होता. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात एपिलेप्सी असणाऱ्या व्यक्तीच्या लग्नाला आडकाठी होती. १९९९मध्ये दुरुस्ती होऊन एपिलेप्सी हा शब्द त्यातून वगळला गेला. म्हणजे कायदा बदलून पाव शतक उलटलं, आपली कुजबुज मात्र तशीच आहे. आजार लपवून लग्न करू नये, हे वेगळं. आधी मोकळेपणाने सांगावं आणि डॉक्टरांना एकत्र भेटावं. पुण्यात ‘संवेदना फाउंडेशन’सारखा अपस्मार असणाऱ्यांचा आधारगट आहे. तिथे हे विषय उघडपणे बोलले जातात.

जगभरात साधारण ५ कोटी लोकांना एपिलेप्सी आहे. नीट निदान आणि उपचार मिळाले, तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. भारतातल्या रुग्णांचा अंदाज एक कोटीच्या वर जातो. इतक्या जणांमध्ये तुमच्या वर्गातलं कुणीच नसेल, असं समजायचं कारण नाही. त्यांनी सांगितलं नाही, इतकंच.

गोळी, झोप आणि पोरांचं टाइमटेबल

आता त्याची लेव्हेटिरासिटम नावाची गोळी सुरू आहे, सकाळ-संध्याकाळ. या आजारात कॉलेजच्या वयाचे खास धोके आहेत. जागरण, उपास, दारू आणि चुकलेली गोळी, हे चारही फिटला आमंत्रण देतात. आमच्या ‘नाइट मारू’ संस्कृतीत ते चारही एकाच आठवड्यात जमून येतात. त्या रात्री तो सलग दुसऱ्या दिवशी जागा होता.

दुसरा धोका बरं वाटण्याचा. सहा महिने फिट नाही म्हणून पोरं गोळी सोडतात आणि मग जोराची फिट येते. साधारणपणे निदान दोन वर्षं एकही फिट आली नाही, तर डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. मेंदूवर व्रण असेल, तर आणखी जपून. हा निर्णय आपण किंवा मेडिकलवाल्याने घ्यायचा नाही.

मुलींसाठी एक महत्त्वाचं. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं, आणि काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना विचारा. पण घाबरून परस्पर औषध थांबवूही नका. पर्यायी औषधं असतात, आणि एपिलेप्सी असणाऱ्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुलं होतात.

दोन योग्य औषधं नीट घेऊनही साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट थांबत नाहीत. त्यांच्यापैकी काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५पासून अशा शस्त्रक्रिया होतायत, आता मुंबई-पुण्यातही होतात. जखमेचा व्रण एकाच जागी असेल, तर हा पर्याय विचारायला हरकत नाही.

रोजच्या जगण्यात बदल छोटे आहेत. बाथरूमची कडी लावायची नाही, बाहेर बोर्ड लटकवायचा. एकट्याने पोहायचं नाही. वरच्या बंकऐवजी खालची कॉट. आणि गाडी बंद. लायसन्सच्या फॉर्म १मध्ये ‘एपिलेप्सी आहे का, अचानक शुद्ध हरपते का’ हे विचारलेलं असतं. तिथे ‘नाही’वर टिक करून सुटता येतं, पण चालत्या गाडीवर फिट आली, तर त्यात आपल्याबरोबर रस्त्यावरचा कुणी तिसराही सापडतो. त्याने बाईक विकली, पीएमपीचा पास काढला. पहिले चार दिवस त्याने तोंड पाडलं. आता म्हणतो, पेट्रोलचे पैसे वाचले.

थांबणारे सोबती

मध्यंतरी त्यानेच मला हॅरिएट टबमनबद्दल सांगितलं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मलेली ही स्त्री. किशोरवयात एका मुकादमाने दुसऱ्याच गुलामाच्या दिशेने भिरकावलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्यावर आदळलं. त्यानंतर आयुष्यभर तिला अचानक भान हरपण्याचे, बोलता बोलता झोपेत गेल्यासारखे झटके येत राहिले. डोक्याच्या इजेनंतरची ही एपिलेप्सी असावी, असं आजचे अनेक अभ्यासक मानतात. औषध नाही, डॉक्टर नाही. १८४९मध्ये ती पळून मुक्त झाली. मग पुन्हा पुन्हा परत जाऊन, साधारण तेरा फेऱ्या करून, सुमारे सत्तर जणांना तिने रात्रीच्या अंधारात सोडवून आणलं. वाटेत तिला झटका आला, की सोबतचे लोक ती जागी होईपर्यंत थांबत. मग ती उठे आणि पुढचा रस्ता दाखवी. १९१३मध्ये ती वारली, तेव्हा नव्वदीच्या आसपास होती.

‘बघ,’ तो म्हणाला, ‘तिच्या सोबतच्यांनी चमचा घातला नाही.’

मी हसलो. पण मला त्यातलं ‘थांबत’ हे क्रियापद लागलं. फिट आलेल्या माणसाला आपल्याकडून एवढंच हवं असतं. दोन-तीन मिनिटं नीट थांबायचं, आणि नंतर त्याच्या पुढच्या आयुष्यातही त्याला मागे टाकून जायचं नाही.

आणि ही वेळच येऊ नये, यासाठी? प्रत्येक आजार टाळता येत नाही. पण हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून दिसलेलं आहे. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. कोपरात अडकवलेलं हेल्मेट कोपराचं रक्षण करतं. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्याला उडून जातं. भाजी धुवायची, हात धुवायचे, टीबीचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही, आजी-आजोबांचं बीपी तपासायचं. हीसुद्धा एपिलेप्सी टाळण्याचीच कामं आहेत. कुणाच्या डोक्याला मार लागून गेला असेल, तर पुढची दोन वर्षं त्याच्या ‘हँग’ होण्यावर हसण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा.

त्याला शेवटची फिट येऊन आता नऊ महिने झाले. रात्री नऊला आमच्या चौघांच्याही मोबाइलवर एकदम अलार्म वाजतो. शेजारचे वैतागतात, पण गोळी चुकत नाही. दाताला कॅप बसवली. पैसे मी देणार होतो, त्याने घेतले नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्यातला एक जॉब लागून गेला आणि त्याच्या कॉटवर नवीन मुलगा आला, फर्स्ट इयरचा. भाडं, मेस, वायफायचा पासवर्ड सांगून झाल्यावर आमच्या मित्राने स्वतःच विषय काढला. ‘हे बघ, मला फिट येऊ शकते. आली तर कुशीवर वळव, घड्याळ बघ, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ लाव.’ पोरगा टेन्शनमध्ये. मग याने कॅप लावलेला दात दाखवला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, ‘आणि हा जर किचनकडे पळायला लागला, तर आधी याला धर.’